भाची उंदरांच्या अंड्यांवर काम करते, चारचौघींत काय सांगू?

प्रश्न : माझं वय ६४. इंदूरला लोकमान्य नगरात राहते. भावाच्या सारख्या बदल्या व्हायच्या, त्यामुळे भाची सातवीपासून बी.एस्सी.पर्यंत माझ्याकडेच वाढली. आता ती ३३ वर्षांची आहे आणि पुण्याच्या एका संशोधन संस्थेत उंदरांच्या अंड्यांवर काम करते. अंडी पिकतात कशी, त्यांचं विभाजन कसं होतं, असं काहीतरी. आमच्या घरात अंडं शिजत नाही, त्यामुळे थट्टा भरपूर होते. तिचं काही वाटत नाही. पण यंदा महालक्ष्म्यांना ती आली नाही, का तर म्हणे, "आत्या, अंडी त्या रात्री उठणार आहेत." संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र आली, आणि शेजारच्या वहिनींनी तिला गाठलं. त्यांच्या सुनेचे दोन गर्भ दोन-दोन महिन्यांतच गेले. वहिनी म्हणाल्या, "तू अंड्यांचीच डॉक्टर ना? हिला काहीतरी सांग. शिकत बसली, चौतीस वर्षांची झाली, त्यात आठव्या आठवड्यात स्कूटर चालवली." भाची म्हणाली, "काकू, मी उंदरांवर काम करते," आणि आत निघून गेली. सून तिथेच वाणाचं ताट धरून उभी होती. तेव्हापासून वहिनी माझ्याशी बोलत नाहीत. भाचीनं काही सांगायला हवं होतं का? आणि हे काम नेमकं आहे तरी काय?

ता. क. ती स्वतःची बीजं गोठवून ठेवायचं म्हणते आहे. मला रात्री झोप लागत नाही.

— एक आत्या, इंदूर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात तीन बायका भांडताहेत, आणि जिच्यावरून भांडण झालं ती चौथी एका वाक्यात ताट धरून उभी आहे. तिच्याकडे मी येणारच आहे. पण आधी तुमच्या भाचीची रात्रपाळी समजून घेऊ, कारण त्या रात्रपाळीतच सुनेसाठीचं उत्तर आहे.

मी स्वतः प्राणिशास्त्र शिकवलं, इंदूरलाच. आमच्या वेळी पावसाळ्यात बेडूक यायचे आणि मादीचं पोट उघडलं की आत मोहरीएवढ्या अंड्यांचा सडा. प्रत्येक अंडं अर्धं काळं, अर्धं पांढरट. मुलींना किळस यायची, मला मात्र ते बघतच राहावंसं वाटायचं. ते अंडं पिकलं की त्याच्या काळ्या टोकावर एक पांढरा ठिपका उमटतो. आतलं केंद्रक वर सरकून विरघळलं, याची ती खूण. हा ठिपका आपल्या हातानं आणता येईल का, हा प्रश्न योशिओ मासुई या जपानी शास्त्रज्ञाला पडला. त्यानं आणि क्लेमेंट मार्कर्टनं १९७१ साली जे प्रसिद्ध केलं, ते तुम्हाला माझ्याहून चांगलं कळेल, कारण तुम्ही रोज करता. पिकलेल्या अंड्यातला थेंबभर द्रव सुईनं काढून त्यांनी कच्च्या अंड्यात सोडला. कच्चं अंडं पिकलं. त्यातला थेंब तिसऱ्यात, तिसऱ्यातला चौथ्यात. दरवेळी तेच. म्हणजे विरजण! काल लावलेल्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात, आणि आजच्यातलं उद्याच्या.

ते विरजण नक्की कशाचं, हे कळायला पुढची सतरा वर्षं गेली. १९८८मध्ये ते शुद्ध करून वेगळं काढता आलं, तेव्हा दिसलं की बेडकाच्या अंड्याला पिकवणारी आणि यीस्टच्या पेशीला विभाजनात ढकलणारी यंत्रणा एकच आहे, दोन प्रथिनांची जोडी. तिच्यातला दुसरा जोडीदार टिम हंट या शास्त्रज्ञाला १९८२च्या उन्हाळ्यात समुद्री अर्चिनच्या, म्हणजे समुद्रातल्या एका काटेरी जीवाच्या, अंड्यांत सापडला होता. प्रत्येक विभाजनाआधी साचत जाणारं आणि विभाजन होताच नाहीसं होणारं प्रथिन. त्याचं नाव सायक्लिन. यीस्ट, अर्चिन, बेडूक, उंदीर, वहिनींची सून, तुम्ही, मी, सगळ्यांची पेशी याच किल्लीनं उघडते. कर्करोगाची पेशीसुद्धा. २००१चं नोबेल यासाठी लेलँड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स या तिघा शास्त्रज्ञांना मिळालं. मासुईंना मिळालं नाही. त्याआधी १९९८चं लास्कर पारितोषिक त्यांना हार्टवेल आणि नर्स यांच्याबरोबर मिळालं होतं, तरी मला ही रुखरुख आहेच. विरजण लावलं एकानं आणि श्रीखंडाच्या पंगतीत त्याचं पान नाही.

तर "अंड्यांवर काम" म्हणजे हे. आता तुमच्या महालक्ष्म्यांचा प्रश्न.

बाईची बीजं तिच्या जन्माआधी तयार होतात, हे तुम्ही ऐकलं असेल. आईच्या पोटात पाचव्या महिन्याच्या सुमारास मुलीच्या अंडाशयात साठ ते सत्तर लाख बीजं असतात. जन्माला येईपर्यंत दहा-वीस लाख उरतात, न्हाण येईपर्यंत तीन-चार लाख, आणि आयुष्यभरात सुटतात ती फार तर चारशे-पाचशे. ज्या बीजापासून तुम्ही झालात, ते तुमच्या आईच्या आईच्या पोटात तयार झालं होतं. आपण सगळेच आधी आजोळी होतो!

या प्रत्येक बीजानं विभाजन सुरू केलेलं असतं आणि मध्येच थांबवलेलं असतं. पहिल्या टप्प्यात पाऊल उचललंय ते तसंच हवेत, बारा वर्षं, पंचवीस वर्षं, कधी चाळीस वर्षं. मला शिकवताना नेहमी वाटायचं की पोरींना "सुप्तावस्था" हा शब्द सांगून आपण फसवतो. बीज झोपलेलं नसतं. त्याला आजूबाजूच्या पेशी धरून ठेवतात. १९३५मध्ये पिंकस आणि एन्झमान यांनी सशाच्या मादीची बीजं पुटिकेतून, म्हणजे बीजाभोवतीच्या पिशवीतून, बाहेर काढली, दुसरं काहीही केलं नाही, आणि ती आपोआप पुढच्या टप्प्याला लागली. म्हणजे भोवतीचा पहारा उठला की बीज चालू पडतं. शरीरात हा पहारा पाळीच्या मध्यावर मेंदूखालच्या ग्रंथीतून येणारं एलएच हे संप्रेरक उठवतं.

उंदरिणीचं बीज बाहेर काढलं की एक-दोन तासांत केंद्रकाचं आवरण विरघळतं, आणि पहिली वाटणी पुरी व्हायला आणखी आठ-दहा तास. भाची त्यांना औषधाच्या द्रवात थोपवून धरू शकते, पण एकदा ते औषध धुतलं की घड्याळ सुरू. मग नैवेद्य असो की दिवाळीतली पहिली अंघोळ, सूक्ष्मदर्शकापाशी बसायचं. "अंडी उठणार आहेत" हे तिनं तुम्हाला टाळायला सांगितलं नव्हतं. अगदी शब्दशः खरं होतं ते.

ती बघते ती वाटणी कशाची? इथे आपल्या इंदुरी वाड्यांचा अनुभव कामाला येईल. बाईच्या बीजात ४६ गुणसूत्रं असतात, जोडीजोडीनं. पहिल्या वाटणीत प्रत्येक जोडीतलं एक इकडे, एक तिकडे. कागदावर वाटणी चोख, तेवीस-तेवीस. पण घराची वाटणी अशी होते की एका भावाला सगळा वाडा, विहीर, धान्याची कोठारं, आणि दुसऱ्याला त्याच्या हिश्शाचे कागद एका पत्र्याच्या पेटीत घालून दाराबाहेर. तो बाहेर पडलेला इवलासा ठिपका म्हणजे पोलर बॉडी. अन्याय वाटतो खरा, पण पुढचा गर्भ पहिले काही दिवस या वाड्यातल्या कोठारावरच जगतो. ते निम्मं करून चालणार नाही.

आणि नेमकी या वाटणीत चूक होते. गुणसूत्रं ओढून नेणारी धाग्यांची यंत्रणा टकळीच्या आकाराची असते. शरीरातल्या बहुतेक पेशींत टकळीच्या दोन टोकांना धागे पकडणारी दोन केंद्रं असतात. बीजात ती नसतातच. उंदरिणीच्या बीजात निदान बारीक बारीक बरीच केंद्रं गोळा होऊन ते काम भागवतात, आणि तीन ते पाच तासांत टकळी उभी राहते. बाईच्या बीजात तीही मदत नाही. मेलिना शू या जर्मन शास्त्रज्ञेच्या गटानं २०१५मध्ये बाईची जिवंत बीजं सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बघितली, तेव्हा कळलं की तिची टकळी उभी राहायला सुमारे सोळा तास लागतात, आणि त्या वेळात ती डगमगते, टोकं फाटतात, पुन्हा जुळतात. ही बीजं इंग्लंडमधल्या बॉर्न हॉल दवाखान्यात उपचार घेणाऱ्या बायकांनी दान दिलेली होती. पुरती न पिकल्यामुळे उपचाराला न चालणारी. हा दवाखाना रॉबर्ट एडवर्ड्सनं उभा केलेला. १९७८च्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळामागचा शास्त्रज्ञ तो हाच, आणि त्याच्याही आधी, १९६५ साली, माणसाचं बीज पिकायला सुमारे दीड दिवस लागतो हे मोजून काढणाराही हाच. आज आयव्हीएफच्या बाईला ट्रिगरचं, म्हणजे बीजं पिकायला लावणारं, इंजेक्शन दिल्यावर साधारण ३४ ते ३६ तासांनी बीजं काढायला बोलावतात, त्यामागे हेच गणित आहे. तुमच्या ओळखीत कुणी रात्री साडेदहाच्या ठोक्याला इंजेक्शन घ्यायला पळालं असेल, तर का ते आता कळेल.

दुसरी गोष्ट वयाची. गुणसूत्रांच्या जोड्या एकत्र धरून ठेवणाऱ्या प्रथिनांच्या कड्या असतात, कोहेसिन म्हणतात त्यांना. त्या बसवल्या जातात बीज तयार होताना, म्हणजे ती बाई स्वतः आईच्या पोटात असताना. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की नंतर त्या बदलल्या जात नाहीत. तेवढ्याच कड्या, तितकीच वर्षं जुन्या. चाळिशीत काही झिजलेल्या असतात, जोडी वेळेआधी सुटते, आणि वाटणीत एखादं गुणसूत्र चुकीच्या बाजूला जातं. डाउन सिंड्रोममध्ये एकविसावं गुणसूत्र एक जास्त असतं, ते बहुतेक वेळा इथूनच आलेलं. आई पंचविशीत असेल तर साधारण बाराशे जन्मांत एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक. मात्र अशी चूक विशीतल्या बाईच्या बीजातही होते, टकळी तिचीही डगमगतेच.

आता बघा, "काकू, मी उंदरांवर काम करते" हे वाक्य. तुम्हाला ते उद्धट वाटलं, वहिनींना टाळाटाळ वाटली. मला ते फार प्रामाणिक वाटलं. उंदरिणीची टकळी आणि बाईची टकळी यांत काय फरक आहे, हे माहीत असणारी माणसं थोडी, आणि त्यांतली एक तुमच्या ओसरीवर उभी होती. उंदरावरून सुनेला औषध सांगायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. पीएच.डी.च्या "डॉक्टर"नं उपचार सांगू नये. त्या बाबतीत मी शंभर टक्के तिच्या बाजूची.

पण आत निघून गेली, ते चुकलं. रागावू नका, तिलाही वाचायला द्या. तिला उपचार सांगायचा नव्हता, मान्य. तारखा तर सांगता आल्या असत्या?

तारखा अशा. गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. त्यामुळे "आठवा आठवडा" म्हणजे गर्भ खरा सहा आठवड्यांचाच. बीजाची पहिली वाटणी बीज सुटण्याच्या जरा आधी पुरी होते, म्हणजे त्या हिशेबात दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी. दुसरी वाटणी शुक्राणू आत शिरताच. सुरुवातीच्या महिन्यांत जे गर्भ जातात, त्यांतल्या सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांची गडबड आढळते, आणि ती बहुतांशी या दोन वाटण्यांतली. सुनेच्या बाबतीत तसं झालं असेल, तर चूक घडून गेली तेव्हा तिला पाळी चुकल्याचंसुद्धा कळलेलं नव्हतं. स्कूटर पाच-सहा आठवड्यांनी आली. पपई, ग्रहण, पाण्याची बादली, वरच्या फडताळातला डबा काढायला उंच केलेले हात, ही सगळी मंडळी वाटणीचे कागद झाल्यावर पोहोचतात. नोंदणी कचेरीत शिक्का उमटल्यावर आलेल्या साक्षीदाराला कुणी विचारत नाही.

हे तुम्ही सांगा. वहिनींना नंतर, आधी सुनेला. हळदीकुंकवाच्या गर्दीत नको. एखाद्या रविवारी सकाळी पोह्यांना बोलवा, वर जीरावन भुरभुरा, आणि भाचीला फोन लावून द्या. भाची ओळखीच्या आवाजात बोलेल, सून ऐकेल, तुम्ही चहा ठेवायला आत जा. निघून गेलेलं कुणीतरी परत आलं, एवढंही त्या मुलीला पुरे होईल पहिल्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी कामाचं. दोनदा गर्भ गेला की स्त्रीरोगतज्ज्ञाकडून कारण शोधून घ्यायला हवं, "पुढच्या वेळी बघू" म्हणून सोडू नये. थायरॉइड, गर्भाशयाची रचना, रक्त गोठण्याशी संबंधित अँटिबॉडी, आणि नवरा-बायको दोघांच्या गुणसूत्रांची तपासणी, कॅरिओटाइप म्हणतात ती. दोघांच्या, हे वहिनींना ऐकू जाईल असं सांगा. गर्भात निम्मी गुणसूत्रं त्यांच्या चिरंजीवांची असतात. पुन्हा दुर्दैवानं गर्भ गेलाच, तर त्यातला अंश तपासायला पाठवता येतो का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. आणि दोन गर्भपातांनंतरही बहुतेक जोडप्यांना पुढे मूल होतं, हे सुनेला कुणीतरी नीट, डोळ्यांत बघून सांगा.

चौतीस वर्षांचं काय, असं वहिनी विचारतील. वय लपवून उपयोग नाही, वयाचा परिणाम होतो, तुम्हीही खोटं बोलू नका. पण ज्या बाईच्या हातात ताट आहे, तिला तिचं वय कुणी सांगावं लागत नाही.

चारचौघींत काय सांगायचं? "अंडी" हा शब्द सोडा, "बीज" म्हणा. ज्वारीचं चालतं, बाईचंही चालतं, आणि कुणी आमलेटचा विषय काढत नाही. "आमची भाची बीज पिकताना गुणसूत्रांची वाटणी कशी होते आणि कुठे चुकते ते बघते." कुणी पुढे विचारलं तर विरजणाची गोष्ट सांगा. इंदूरच्या बायका दह्यावर तासभर बोलू शकतात, मला अनुभव आहे.

राहिला ताजा कलम. गोठवलेलं बीज गोठवलं त्या वयाचं राहतं, झिजलेल्या कड्या त्यानं दुरुस्त होत नाहीत, आणि पुढे मूल होईलच याची हमी कुणी देत नाही. कायद्यानं, २०२१च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार, २१ ते ५० वयाच्या बाईला ही सेवा घेता येते, लग्नाची अट नाही. हे सगळं तिला तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत आहे. तिनं तुम्हाला सांगितलं ते परवानगी मागायला नव्हे. सातवीतल्या मुलीनं शाळेतून आल्यावर जसं सगळं सांगितलं असेल, तसंच हे. तिला फक्त विचारा, इंजेक्शनांच्या दिवसांत पुण्याला येऊन राहू का. त्या आठ-दहा दिवसांत घरचं जेवण लागतं.

आणि गेलात की एक मागा. तिच्या कॉम्प्युटरवर रात्रभराच्या चित्रांची मिनिटभराची फिल्म असते. मधोमध तो गोल वाडा, आत टकळी, ती हळूहळू कडेला सरकते, आणि एका क्षणी कडेला फुगवटा येऊन पत्र्याची पेटी बाहेर पडते. मी ती पहिल्यांदा बघितली तेव्हा निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. खुर्चीतून उठून उभी राहिले होते. तुम्ही बसून राहू शकलात तर मला कळवा.